अर्ध्या मिनिटाची शर्यत

नमस्कार श्रोतेहो.

पुण्यात डेक्कन जिमखान्याचा बसथांबा कुणाला माहीत नाही असं होणार नाही. पण ज्या संस्थेवरून त्या परिसराला हे नाव पडलं, ती १९०६ साली सुरू झालेली संस्था आपल्या देशाच्या क्रीडा इतिहासात कुठे बसते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. आज मला राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांबद्दल बोलायचं आहे, आणि त्याची सुरुवात तिथूनच करावी लागते.

साल १९१९. सर दोराबजी टाटा तेव्हा जिमखान्याचे अध्यक्ष होते. तिथल्या क्रीडा मेळाव्यातली मोठी शर्यत लांब पल्ल्याची होती. धावणारे बहुतेक शेतकरी. पायात काही नाही, शिकवायला कुणी नाही, खडी आणि मातीच्या रस्त्यांवर धावून धावून तयार झालेले पाय. दोराबजींनी इंग्लंडमध्ये शिकताना तिथले खेळ पाहिले होते, त्यामुळे या पोरांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या तोडीच्या आहेत, हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं. मुंबई प्रांताचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड मेळाव्याला आले होते. पुढच्या वर्षी बेल्जियममध्ये अँटवर्पला होणाऱ्या ऑलिम्पिकला ही मुलं पाठवावीत, हा विचार तिथं पक्का झाला.

त्या काळची एक हकिकत दोराबजींनी स्वतः लिहून ठेवली आहे. समितीच्या बैठकीत त्यांनी विचारलं, शंभर यार्डांच्या शर्यतीत निवडीसाठी किती वेळ धरायची? एका जाणत्या सभासदानं उत्तर दिलं, अर्धा मिनिट. तेव्हा दोराबजींना समजावून सांगावं लागलं की इथे हिशोब मिनिटांचा नाही, सेकंदाच्या तुकड्यांचा आहे.

श्रोतेहो, त्या सभासदाचा यात काहीच दोष नव्हता. घड्याळ हातात धरून कुणी शर्यत मोजलीच नव्हती, तर माहीत कसं असणार? धावणारा होता, मोजणारा नव्हता. राष्ट्रीय स्पर्धेची गरज निर्माण झाली ती इथे.

१९२० साली मोजके खेळाडू अँटवर्पला गेले. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. कुस्तीत रणधीर शिंदे चौथे आले. पदक थोडक्यात हुकलं. पुढच्या वेळी मात्र नुसत्या पुण्या-मुंबईतून माणसं निवडून भागणार नव्हतं. मद्रासच्या वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेचे डॉ. नोहरेन आणि त्यांचे सहकारी एच. सी. बक यांनी प्रांतोप्रांती क्रीडा संघटना उभ्या करण्याचं काम हाती घेतलं. मग १९२४ च्या फेब्रुवारीत, पॅरिस ऑलिम्पिकच्या तोंडावर, दिल्लीत देशभरातले प्रांत आणि संस्थानं एकत्र आली. त्या मेळाव्याला नाव दिलं होतं ‘इंडियन ऑलिम्पिक गेम्स’. १९२७ साली भारतीय ऑलिम्पिक संघटना झाली, पहिले अध्यक्ष अर्थातच दोराबजी.

दर दोन वर्षांनी स्पर्धा भरू लागली. लाहोर, अलाहाबाद, मद्रास, कलकत्ता. १९३८ ची कलकत्त्याची स्पर्धा मराठी माणसानं विशेष लक्षात ठेवावी अशी आहे, कारण तिथं कबड्डीला जागा मिळाली. त्याआधी दोनच वर्षं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले होते. गावच्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारून दम धरत खेळला जाणारा खेळ राष्ट्रीय स्पर्धेत आला! आणि १९४० साली मुंबईत स्पर्धा भरली तेव्हा ‘नॅशनल गेम्स’, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा, हे नाव रूढ झालं.

लाहोर हे या स्पर्धेचं मोठं माहेर होतं. तिथं ती पुन्हा पुन्हा भरली, शेवटची १९४६ साली. त्यानंतर दीड वर्षात देशाची फाळणी झाली. १९४८ साली आपली स्पर्धा लखनौला झाली, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये पाकिस्ताननं स्वतःची पहिली राष्ट्रीय स्पर्धा कराचीला घेतली. काल ज्यांनी एकाच चुन्याच्या रेघेवर उभं राहून पिस्तुलाचा बार ऐकला, ते आता दोन देशांत आपापल्या शर्यती धावत होते. मला इतिहासातलं हे पान वाचताना दर वेळी थांबायला होतं.

पुढची काही वर्षं भराभर सांगतो. १९५८ साली कटकला मिल्खा सिंग दोनशे आणि चारशे मीटर असे धावले की सारा देश त्यांच्याकडे बघू लागला. १९८५ साली दिल्लीत ऑलिम्पिकच्या धर्तीवर, अनेक खेळ एकत्र, असा नवा घाट स्पर्धेला दिला गेला. तेव्हापासून ज्या राज्यात स्पर्धा, त्या राज्यात नवी मैदानं, नवे तलाव. १९९४ साली यजमानपद मुंबई-पुण्याकडे आलं आणि म्हाळुंगे-बालेवाडीच्या माळावर श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल उभं राहिलं. महाराष्ट्रानं त्या वर्षी सर्वसाधारण विजेतेपदही पटकावलं. १९९९ साली इंफाळला तर छोट्याशा मणिपूरनं बलाढ्य राज्यांना मागे टाकत पहिला क्रमांक मिळवला. या स्पर्धेच्या इतिहासातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट तीच.

आता मनाला लागणारी बाजू सांगतो. ही स्पर्धा वेळेवर होत नाही. १९८७ नंतर थेट १९९४. गुवाहाटीची पुढे ढकलत ढकलत २००७ ला झाली. रांचीची तशीच लांबत २०११ ला. २०१५ साली केरळात झाली, आणि मग? गोव्याला यजमानपद मिळालेलं, पण तारखा पडत गेल्या, पुढे सरकत गेल्या, मग करोना आला. अखेर गोव्याच्या आधी २०२२ साली गुजरातनं स्पर्धा घेतली. मध्ये सात वर्षं गेली.

सात वर्षं म्हणजे काय, ते माझ्या ओळखीतल्या एका मुलीमुळे मला कळलं. नाव सांगत नाही. अडथळ्यांची शर्यत धावायची. केरळच्या वेळी ती एकोणीस वर्षांची, राज्याच्या संघात येता येता राहिली. प्रशिक्षक म्हणाले, पुढच्या खेपेला तुझा नंबर पक्का. पुढची खेप यायची म्हणून ती रोज पहाटे साडेचारला उठत राहिली. एक वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं. गुजरातची तारीख जाहीर झाली तेव्हा ती सव्विसाची होती आणि डाव्या गुडघ्यानं दगा दिला होता. तिच्या घरी गेलो होतो तेव्हा तिनं पलंगाखालची पेटी ओढून स्पाइक्स दाखवले. आईच्या जुन्या साडीच्या फडक्यात गुंडाळलेले. खिळ्यांवर गंज चढू नये म्हणून ती अजूनही त्यांना खोबरेल तेलाचं बोट लावते. ज्या खेळात सेकंदाच्या शंभराव्या भागावर पदक ठरतं, त्या खेळाडूंची आपण वर्षंच्या वर्षं घालवतो. याचा मला राग येतो, आणि तो यायलाच हवा असं मला वाटतं. राष्ट्रीय पदकावर आपल्याकडे सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणाचा आधार मिळू शकतो. तारीख पुढे गेली की एखाद्या घराची भाकरी पुढे जाते.

तरीही स्पर्धा होते तेव्हा काय होतं, तेही सांगायला हवं. गुजरातला मल्लखांब पहिल्यांदा राष्ट्रीय स्पर्धेत आला. एरंडेल चोपडलेला तो गुळगुळीत खांब, आणि त्यावर अंगठ्याच्या पकडीवर उलटं तोललेलं पोर. आखाड्यात आणि शाळेच्या पटांगणात पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ही विद्या पदकतालिकेत मोजली गेली. त्या स्पर्धेत महाराष्ट्राची पदकं सर्वांत जास्त होती, १४०. पण सुवर्णपदकं सेनादलाच्या संघाची अधिक, ६१ विरुद्ध ३९, त्यामुळे विजेतेपद सेनादलाचं. २००७ पासून लागोपाठ चार वेळा त्यांनीच ते नेलं होतं.

आणि मग २०२३, गोवा. फातोर्ड्याच्या मैदानावर उद्घाटन, ‘मोगा’ नावाचा गवा हे बोधचिन्ह. महाराष्ट्रानं ८० सुवर्णांसह २२८ पदकं जिंकली आणि २९ वर्षांनी सर्वसाधारण विजेतेपद परत आणलं. यजमान गोव्यानं ९२ पदकं मिळवली. एवढ्याशा राज्याच्या मानानं ही फार मोठी कमाई आहे.

पण मला त्यातला आठवतो तो पोहण्याचा तलाव. कोल्हापूरचा वीरधवल खाडे, सोळाव्या वर्षी बीजिंग ऑलिम्पिकला गेलेला, गोव्यात पन्नास मीटर फ्रीस्टाइल जिंकला. त्याच प्रकारात महिलांचं सुवर्ण त्याच्या पत्नीनं, ऋजुता खाडेनं जिंकलं. आणि वीरधवलनं तिथंच निवृत्ती जाहीर केली. पन्नास मीटर म्हणजे जेमतेम बावीस-तेवीस सेकंदांचा खेळ. १९१९ च्या त्या बैठकीतल्या सभासदाचा अर्धा मिनिटही त्याला पुरून उरतो.

२०२५ च्या उत्तराखंड स्पर्धेत सेनादल पुन्हा पहिलं आलं, महाराष्ट्र १९८ पदकांसह दुसरा. पुढचं यजमानपद मेघालयाकडे आहे, २०२७ साली.

त्या स्पाइक्सवाल्या मुलीबद्दल एवढं सांगून थांबतो. ती आता तालुक्याच्या मैदानावर पहाटे मुलांना शिकवते. गेल्या महिन्यात तिथं गेलो होतो. दहा-बारा पोरं, निम्मी अनवाणी, आणि हिच्या गळ्यात स्टॉपवॉच. त्यातल्या एका पंधरा वर्षांच्या मुलीची वेळ तिनं मला दाखवली, नंतर स्वतःशीच पुन्हा एकदा पाहिली, आणि विचारलं, “सर, मेघालयची तारीख नक्की आहे ना?”

नमस्कार.