केळीतून जाणारी वाट

[पहाट. केळीची बाग. ठिबकच्या नळीशेजारी ओल्या मातीत उमटलेला पंजा.]

हा ठसा वाघाचा. मुक्ताईनगर तालुक्यातल्या केळीच्या मळ्यात रात्री उमटलेला.

मे महिन्यात भुसावळकडचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. सागाला पान उरत नाही, नाल्यात नुसते गोटे. आणि मळ्यात? डोक्यावर पानांचं छत, पायाखाली ओल, आडोशाला रानडुकरं. वाघानं इथं नाही यायचं, तर कुठं जायचं? डोलारखेडा, वढोद्याच्या लोकांना हा शेजार चांगला ठाऊक आहे. वाघावर बसून ज्ञानेश्वरांच्या भेटीला गेलेल्या चांगदेवांचं देऊळही इथलंच, तापी-पूर्णेच्या संगमावरचं.

पण मळ्यात वाघाचं आयुष्य निघत नाही. केळीचा घड उतरला की बाग मोकळी होते. त्याला पुढे जावंच लागतं. पूर्वेला अंबाबरवा आणि मेळघाट, पश्चिमेला १९६९ साली जाहीर झालेलं यावल अभयारण्य. मधल्या जंगलाला २०१४ मध्ये मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव म्हणून संरक्षण मिळालं. तरी त्यापुढची कितीतरी वाट शेताशिवारातूनच जाते.

ऊन वाढत जाईल तसं जनावर एकतर सातपुड्यातल्या थंड घळींकडे चढेल, नाहीतर पाण्यामागे खाली उतरेल. सुकी, मोर, अनेर या नद्या डोंगरातून तापीकडे येतात. त्यांच्या काठाची झाडी हीच अस्वलाची, बिबट्याची, तरसाची चालायची जागा. काठापर्यंत नांगर गेला की ती तुटते.

[सागाच्या खोडातली ढोली.]

रानपिंगळा या छोट्या घुबडाला तर केळीचाही आधार नाही. त्याला ढोली असलेली जुनी झाडं हवीत. १८८४ नंतर ११३ वर्षं हा पक्षी कुणाला सापडला नव्हता; १९९७ मध्ये तो शहाद्याजवळच्या रानात पुन्हा दिसला. तिथून यावलपर्यंत जुनं रान सलग राहिलं पाहिजे, असं आम्हांला मनापासून वाटतं.

आणि शेतकऱ्याचं काय? शेतीची वीज कित्येकदा रात्री येते. मोटर लावायला माणूस बॅटरी घेऊन एकटा निघतो, नेमका वाघ चालतो त्या वेळी. भ्रमणमार्ग राखायचा असेल तर या गावांना दिवसा वीज आधी द्या. वाघाला वाट देणाऱ्या माणसाचा हा हक्कच आहे.

[उजाडलं आहे. ठसे बांध ओलांडून नाल्यात उतरतात. वाळूत ते डोंगराच्या दिशेनं गेलेले दिसतात.]