टायरची नक्षी शाबूत आहे, पण वय किती?

नमस्कार मंडळी! आज थेट आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या पार्किंगमधून बोलतोय. मागे दिसतेय ती बाबांची गाडी, 2018 ची. भाजी, डॉक्टर आणि वर्षातून एकदा गणपतीला गाव. आजवरचं रनिंग जेमतेम 24 हजार किलोमीटर. टायरचा विषय काढला की बाबा म्हणतात, "अरे, नवेकोरे आहेत, नक्षी बघ की!"

नक्षी खरंच छान आहे. पण जरा इकडे या.

(टायरजवळ उकिडवा बसतो.)

साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या उभ्या बाजूवर, डीओटी (DOT) अशी अक्षरं दिसतील. त्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. इथे आहे 2318. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे हा टायर 2018 च्या 23 व्या आठवड्यात, जूनच्या सुरुवातीला तयार झाला. आकडे सापडत नाहीत? पूर्ण कोड बऱ्याचदा एकाच बाजूला छापलेला असतो, आणि ती बाजू नेमकी आत गेलेली असते. मग मोबाईल खाली घालून फोटो काढा. गुडघे मळतील, इलाज नाही. शेवटी तीनच आकडे असतील, तर टायर 2000 सालाच्या आधीचा. त्याचा पोरांना झोपाळा करून द्या.

आता, न झिजलेला टायर खराब कसा होतो? हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन रबराला हळूहळू कडक करतात, उन्हाने आणि उष्णतेने ते आणखी लवकर होतं. यावर उपाय म्हणून रबरातच मेणासारखे पदार्थ घातलेले असतात. गाडी चालते, रबर दबतं-सुटतं, तसे ते पृष्ठभागावर येत राहतात. गाडी नुसती उभी असेल तर ते नीट वर येत नाहीत. म्हणजे आपण जपून ठेवतो, आणि टायरला तेच बाधतं! मुंबईत ट्रॅफिकच्या धास्तीने आपण लोकलने जातो आणि गाडी खाली धूळ खाते. अशा गाडीचा टायर झिजायच्या आधीच म्हातारा होतो.

मग बदलायचा कधी? बऱ्याच गाडी कंपन्या 6 वर्षं सांगतात. काही टायर कंपन्या म्हणतात, 5 वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि 10 वर्षांनी काढाच, नक्षी कितीही असो. माझं मत विचाराल तर, एक्स्प्रेसवेला जाणार असाल तर सहाच्या पुढे ताणू नका. मे महिन्याची दुपार, तापलेलं काँक्रीट, 100 चा वेग, गाडीत पाच माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या आणि टायरमध्ये हवा कमी. अशा वेळी जुना टायर आतून तापतो, त्यातले थर एकमेकांपासून सुटू शकतात. मुलुंड ते ठाणे करताना हे कदाचित कधीच कळणार नाही.

वय कमी असलं तरी साइडवॉलवर बारीक तडे दिसले, तर टायरवाल्याला दाखवा. खड्ड्यात आदळून फुगा आला असेल, तर आतले धागे तुटलेत. तो टायर लगेच काढा, त्याला दुरुस्ती नाही. आणि नक्षीची कायदेशीर मर्यादा 1.6 मिलिमीटर. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्याबरोबर आली की संपलं. पण आपल्याकडचा पाऊस बघता मी 3 मिलिमीटरलाच बदलतो. पाणी बाहेर फेकायला खाच खोल लागते, नाहीतर चाक पाण्यावर तरंगतं.

नवे घेताना दुकानात आधी तारीख बघा, मगच बसवू द्या. दोनच घेणार असाल तर ते मागे बसवा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. ओल्या रस्त्यावर मागची चाकं सुटली तर सावरणं जास्त कठीण. आणि सेकंडहँड टायर? काहीजण झिजलेल्या टायरवर खाचा कोरून विकतात. स्वस्त मिळतो म्हणून त्या वाटेला जाऊ नका.

(डिकी उघडतो.)

आणि ही स्टेपनी. हे नाव आलं वेल्समधल्या लॅनेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे जादा चाकं बनायची. तिकडे लोक हा शब्द विसरलेही असतील, आपण धरून बसलोय. ही एकदाही रस्त्याला लागलेली नाही. तारीख बघा, 2218.

बाबा विचारतायत, नवे चार घेतले तर जुन्यातला त्यातल्या त्यात बरा स्टेपनीला ठेवू का?

बाबा, तो हिच्यापेक्षा फक्त एका आठवड्याने लहान आहे.