कालवा कुठं तुंबलाय?

मंडळी, पुढच्या रांगांत बरेच शेतकरी दिसताहेत, तेव्हा कालव्यापासूनच सुरुवात करतो. मुख्य कालवा, त्यातून निघणारी वितरिका, मग चारी, मग पोटचारी. पाणी थांबलं की पाटकरी पहिल्यांदा विचारतो, "कुठं तुंबलंय?" पोटचारीत गवत अडकलं तर एखाद्याचं वावर कोरडं राहतं, मुख्य कालव्यात दरड कोसळली तर तालुका बोंब मारतो.

पक्षाघाताचा रुग्ण आला की आम्ही डॉक्टरही हेच विचारतो. मेंदूच्या धमनीत रक्ताची गुठळी अडकून झालेल्या पक्षाघातात, म्हणजे स्ट्रोकमध्ये, दर मिनिटाला सरासरी 19 लाख चेतापेशी मरतात, म्हणून घाईघाईनं विचारतो, इतकंच.

मानेतून वर चढणारी कॅरोटिड धमनी कवटीत शिरली की तिला पुढची आणि मधली अशा दोन मोठ्या शाखा फुटतात. मधलीचं रान सगळ्यांत मोठं: चेहरा, हात, आणि डावीकडची असेल तर बहुतेकांची भाषासुद्धा. तिच्या पहिल्या, आडव्या तुकड्याला आम्ही एम-वन म्हणतो. जाडी साधारण 3 मिलिमीटर, बॉलपेनच्या रिफिलएवढी. पुढे ती दुभागते आणि मेंदूच्या एका खोल घडीत चढते, ते एम-टू. त्यापुढे एम-थ्री, एम-फोर.

गंमत अशी, की हे आकडे गुठळ्यांसाठी बनलेलेच नाहीत. 1938 साली फिशर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी धमन्यांच्या चित्रावर ते टाकले, तेव्हा स्कॅन नव्हते आणि मेंदूतल्या ट्यूमरच्या गाठीनं धमनी कुठं सरकवली हे सांगायची सोय हवी होती. आज त्याच आकड्यांवर आम्ही रात्री दोन वाजता कॅथलॅब, म्हणजे धमनीत नळी घालून उपचार करायची खोली, उघडायची की नाही ते ठरवतो!

गुठळी कुठं आहे हे न बघता उपचार केले तर काय होतं, ते 2013 साली कळलं. नळीनं आत शिरून उपचार करण्याचे तीन मोठे अभ्यास त्या वर्षी छापून आले आणि तिन्ही फसले. कारणं बरीच होती, उपकरणंही जुनी होती. पण त्यातल्या सगळ्यांत मोठ्या अभ्यासात मोठी धमनी खरंच बंद आहे का, हे आधी बघणं सक्तीचं नव्हतं. म्हणजे दरड आहे की नाही ते न बघताच जेसीबी पाठवला. पुढं नेदरलँड्समधल्या 500 रुग्णांच्या अभ्यासात आधी अडथळा चित्रात दाखवायचा, मगच रुग्ण घ्यायचा, असा नियम होता. तीन महिन्यांनी स्वतःच्या पायावर उभे असलेले रुग्ण नेहमीच्या उपचारात 19 टक्के होते, गुठळी काढण्याच्या गटात 33 टक्के. ते 2015 साल. त्याच वर्षी आणखी चार अभ्यासांनी तेच सांगितलं.

मग आमचा हुरूप वाढला. एम-वनमधून निघते, तर एम-थ्रीमधून का नको? 2025 मध्ये दोन अभ्यास आले, मिळून हजाराहून जास्त रुग्ण. मध्यम जाडीच्या आणि बारीक धमन्यांतली गुठळी ओढून काढल्यानं फायदा दिसला नाही. एका अभ्यासात जवळजवळ पूर्ण बरे झालेले 41.6 टक्के, न काढलेल्यांत 43.1. पोटचारीत जेसीबी घातला की बांधच फुटायची भीती.

म्हणजे एम-वन असेल तर बहुधा काढायची, पुढे असेल तर हात आवरायचा. ऐकायला सोपं आहे. पण एम-वन संपतं कुठं? काही जण म्हणतात, धमनी दुभागते तिथं. काही म्हणतात, ती घडीत वळते तिथं. बऱ्याच माणसांत वळणाच्या आधीच एक फांदी फुटते, आणि एकच चित्र बघून दोन अनुभवी डॉक्टर दोन नावं सांगतात. हा आमच्या शास्त्राचा कच्चा कोपरा आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही.

एका रात्री फोन आला. साठीच्या बाई, भाकरी थापताना उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. दीड तास झालेला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सुरू होतं. त्याला साडेचार तासांची मुदत असते. शिकाऊ डॉक्टर म्हणाली, "सर, एम-टू आहे, थांबायचं का?" मोबाइलवर चित्र पाठवलं तिनं. मला ते एम-वनचं शेपूट वाटलं. दोन मिनिटं वाद घातला आम्ही, आणि मग मी म्हटलं, नाव सोड. या फांदीखाली रान किती आहे ते मोज. दुसरी फांदी काडीसारखी होती. जवळजवळ सगळी भाषा हिच्याच पाण्यावर. टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, शेजारच्या धमन्यांतून पाझरही फारसा येत नव्हता.

काढली. नळीतून आत नेलेल्या जाळीत आली तेव्हा तांदळाच्या दाण्याएवढी होती. अहवालात मी तिला "एम-टू" एवढंच लिहू दिलं नाही. "दुभागल्यानंतर लगेच, मोठी शाखा" असं लिहायला लावलं.

बाई तिसऱ्या दिवशी बोलल्या. हात आला. धाकट्याला मात्र अजून थोरल्याच्या नावानं हाक मारतात, आणि तोही ओ देतो.