झाडीखालचं महाबळेश्वर

(ड्रोन: धुक्यातून वर येणारं पठार)

हे महाबळेश्वरचं पठार. इथल्या झाडीखालची जमीन मोजून नकाशावर कशी आणायची, त्याची ही गोष्ट. सर्वांत उंच जागा विल्सन पॉइंट, जुनं नाव सिंडोला. समुद्रसपाटीपासून सुमारे १४३८ मीटर. खाली बेसाल्टचे थर, माथ्यावर जांभा, म्हणजे पाणी मुरवणारा तांबडा खडक, आणि जांभ्यावर हे रान: जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा. सावित्री इथून अरबी समुद्राकडे उतरते. कृष्णा, वेण्णा, कोयना बंगालच्या उपसागराचा लांबचा रस्ता धरतात.

(टोपोशीट, जवळून)

ही भारतीय सर्वेक्षण विभागाची टोपोशीट, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारा नकाशा. क्रमांक ४७ जी/९. कागदावरचा एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर, आणि समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा, दर २० मीटर उंचीला एक. दहा-बारा मीटरचा जांभ्याचा कडा दोन रेषांच्या मधे सहज हरवतो.

१८०२ मध्ये विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासजवळ त्रिकोणमितीय मोजणीची पायारेषा, म्हणजे जिच्यावरून पुढचे सारे त्रिकोण काढायचे ती पहिली रेषा, मोजली. १८२३ मध्ये त्यांचं निधन झालं ते आपल्या हिंगणघाटला. ती सारी पद्धत नजरेच्या जोरावर चालायची. एका माथ्यावरून दुसरा माथा दिसला पाहिजे. झाडीतल्या उताराला ती संधी कुठून मिळणार?

(सडा, ट्रायपॉड)

आजही मोजणीची सुरुवात सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ माथ्यावरच होते. झाडीखाली उपग्रहाचे संकेत तुटतात, म्हणून पक्के बिंदू इथे घ्यायचे. मग टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर मोजणारं यंत्र, लावायचं आणि त्याचा किरण परत पाठवणाऱ्या प्रिझमची काठी घेऊन रानात शिरायचं. आड आलेली फांदी तोडायची नाही. कुणीतरी ती वाकवून धरतं, तेवढ्यात रीडिंग घ्यायचं. पुढचा बिंदू दिसेनासा झाला की यंत्र उचलून पुढे. काम सावकाश चालतं, पण चालतं ते असंच.

वरून लायडर, म्हणजे लेसर किरणांनी अंतर मोजणारं यंत्र. साध्या कॅमेऱ्याला झाडांचे शेंडेच दिसतात. लायडरचे किरण पानांच्या फटींतून उतरतात, त्यांतले थोडे जमिनीला लागून परत येतात. झाडांचे बिंदू वगळले की...

(पडदा: उघडी जमीन)

...ही घळ. हा जांभ्याचा कडा. त्याच्या पायथ्याशी ही खाच पाहा. जांभ्यात मुरलेलं पाणी खालच्या घट्ट थरावर अडतं आणि इथून बाहेर पडतं. हा झरा.

(दरडीची दृश्यं)

२००१ पासून हा भाग पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. जुलै २०२१ मध्ये इथे एका दिवसात सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच पावसात खाली महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली.

(पुन्हा पडदा, झऱ्यांचे बिंदू)

म्हणून घळी आणि झऱ्यांचे हे बिंदू गावनकाशावर चढले पाहिजेत आणि बांधकामाची परवानगी देणाऱ्याच्या टेबलावर पोचले पाहिजेत. कोयनेकडचा उतार अजून बाकी आहे. तो पावसाळ्याआधी घ्यायचा आहे.