त्यांनी, त्यांना, त्यांचं

(दृश्य: फळा. खडू धरलेला हात, जवळून.)

तो, ती, ते. फळ्यावर तीन रकाने. प्रत्यय जोडायच्या आधी काय होतं बघा. ‘तो’चं ‘त्या’ होतं: त्याने, त्याला. ‘ती’चं ‘ति’ होतं: तिने, तिला. आणि ‘ते’चंही ‘त्या’च. बाळ रडतंय, त्याला भूक लागलीय. व्याकरणात या बदललेल्या रूपाला सामान्यरूप म्हणतात.

खडू आता अनेकवचनाकडे सरकतो. ते, त्या, ती. इथवर तिन्ही वेगळी. पण प्रत्यय लागला की तिन्ही रकान्यांत एकच उत्तर येतं: त्यांनी, त्यांना, त्यांचं. हात थांबतो आणि मधल्या उभ्या रेघा पुसून टाकतो.

शिवाय हेच अनेकवचन आपण एकट्या माणसालाही लावतो, आदराने. आजोबा असोत, आजी असोत, ‘त्यांना विचार.’ म्हणजे जी व्यक्ती स्वतःला पुरुषही म्हणत नाही आणि स्त्रीही म्हणत नाही, तिच्यासाठी मराठीत जागा आधीपासूनच आहे, आणि तीही मानाची.

स्वीडिशमध्ये नवा शब्द घडवावा लागला. ‘हान’ म्हणजे तो, ‘हून’ म्हणजे ती, दोन्हींऐवजी ‘हेन’. २०१५ साली तो स्वीडिश अकादमीच्या शब्दसूचीत आला. त्याचा, तिचा या अर्थी ‘हेन्स’ रूढ झालं. त्याला, तिला म्हणताना मात्र कुणी ‘हेन’च ठेवतं, कुणी ‘हेनोम’ करतं.

(दृश्य: कोल्हापूर, भाजी मंडई. आवाज तसाच राहू द्यावा.)

ऐकलंत? ‘मी आत्ताच आलो.’ बोलणारी बाई आहे. या भागात बायका सर्रास असंच बोलतात. ‘मी’ला लिंग नसतंच, ते क्रियापदात दिसतं. इथे तिथूनही ते सुटलंय.

(दृश्य: मुलाखत. खिडकीजवळची खुर्ची.)

ही व्यक्ती स्वतःला पुरुषही म्हणत नाही आणि स्त्रीही म्हणत नाही. यांचं बोलणं नीट ऐका. ‘मला वाटतं.’ ‘मी उद्या येईन.’ भविष्यकाळात लिंग दिसत नाही. भूतकाळात ते आडवं येतं, म्हणून ‘गेलो’ नाही, ‘गेले’ नाही, ‘माझं जाणं झालं.’ दिवसभर, प्रत्येक वाक्यात ही कसरत.

२०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना कायदेशीर ओळख दिली, अर्जांवर तिसरा रकाना आला.

भाषेत मात्र अडतं ते प्रत्यय नसलेल्या कर्त्यापाशी. ‘ते आलं’ बाळाला शोभतं. मोठ्या माणसाला तसं म्हणतात ते हिणवायलाच. उरतं ‘ते आले’ किंवा ‘त्या आल्या’. आम्ही मुलाखतीत विचारलं. त्यांना ‘ते आले’ चालतं.