प्रश्न वस्तीतून यावा

(ठाण्यात प्राध्यापकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, विद्यापीठ आणि स्थानिक संस्था यांची भागीदारी हा आजचा विषय. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरं घेतली आहेत. त्यामुळे १९६९ पासूनचा इतिहास सांगत बसत नाही. दोन वर्षांत सेवेचे २४० तास, हे तुम्हाला पाठ आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर अशा कामाला श्रेयांक मिळू लागले आणि खाडीकाठच्या आमच्या गावांत फॉर्म घेऊन येणारी मुलं वाढली. त्या फॉर्मबद्दल मला मनापासून बोलायचंय.

एका महाविद्यालयाची मुलं आमच्या कोळीवाड्यात आली होती. गुणी पोरं, भर उन्हात दारोदार फिरत होती. एका ओटीवर एक मावशी चिंबोऱ्या बांधत बसल्या होत्या, शेजारी बाजाराला न्यायची पाटी भरलेली. एका मुलीनं विचारलं, "मावशी, मासिक उत्पन्न किती?" मावशी म्हणाल्या, "कंचे दिसांचा सांगू गो? उधानाचा का भांगाचा?"

मुलगी थांबली. फॉर्मवर तर एकच चौकट! अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाण्याला ओढ असते, बोक्शीत, म्हणजे खाडीत लावलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात, मासळी शिरते. अष्टमीच्या सुमाराला भांग. पाणी मंद, जाळं जवळजवळ रिकामं. खाडीवरचं घर या पंधरवड्याच्या हिशेबानं चालतं. मुलीनं शेवटी अंदाजानं एक आकडा लिहिला. वरच्या रकान्यात, 'व्यवसाय' या शब्दापुढे, तिनं आधीच खूण केली होती: गृहिणी. पाटी समोर असताना! तिचा दोष नाही. पर्यायांत 'मासळी विक्री' नव्हतंच, कारण फॉर्म करणारा माणूस कोळीवाड्यात कधी आलाच नव्हता.

तो प्रकल्प जमा झाला, मुलांना गुण मिळाले. आम्हाला त्याची एक प्रतही मिळाली नाही. पुढे दुसरं महाविद्यालय आलं, प्रश्न तेच.

बरं, खाडीकडे कुणाचं लक्ष नाही असंही नाही. २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, नाव आलं. पक्षी मोजायला मुलं येतात, यावीतच, मलाही ते पक्षी फार आवडतात. पण निवटी, जिताडा ही मासळी आता कुठे मिळते, कुठे मिळेनाशी झाली, हे ज्यांना तोंडपाठ आहे त्यांच्या ओटीवरही बसा.

चिठ्ठी आली आहे, वेळ संपत आला. खरं तर करार कसा असावा हेच सांगायचं होतं, तर भराभर सांगतो.

प्रश्न संस्थेनं द्यावा, पद्धत विद्यापीठानं. नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकात विद्यापीठांनी 'सायन्स शॉप' सुरू केली; नागरिकांच्या गटांनी प्रश्न आणायचा, विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली त्यावर संशोधन करायचं. आपल्याकडेही मुळं आहेत. टाटा सामाजिक विज्ञान संस्था १९३६ साली सुरू झाली ती नागपाड्याच्या नेबरहूड हाऊसमध्ये, म्हणजे वस्तीत आधीपासून चालू असलेल्या कामाच्या घरात.

अहवाल जमा करण्याआधी मराठीत गावासमोर वाचावा. चुका तिथेच सापडतील. करार एका सत्राचा नको, निदान तीन वर्षांचा हवा. सत्र संपलं की मुलं बदलतात, ओळख पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

आणि पैशाचं स्पष्ट बोलू. मुलांना घरोघरी नेणारी आमची कार्यकर्ती आपली रोजची कामं सोडून येते. प्रवासखर्च, छपाई, चहा यांच्या ओळी तुमच्या अंदाजपत्रकात असतात. तिच्या मानधनाचीही ओळ येत्या जूनपासून त्यात घाला. तशी सुरुवात करायला आज इथले कोण तयार आहेत, त्यांनी कार्यक्रमानंतर मला भेटा. पहिला प्रश्न आम्ही लिहून आणला आहे.