एकाच स्विचवर तीन नेटवर्क

हा २४ पोर्टांचा, म्हणजे केबल लावायच्या २४ जागांचा, स्विच: यंत्रं एकमेकांना जोडणारा डबा. दिवे बघा, जवळजवळ एकदमच लुकलुकतात. एका यंत्रानं ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांसाठीचा संदेश, पाठवला की तो चालू असलेल्या बाकी प्रत्येक पोर्टातून बाहेर पडतो: हिशेबाच्या कॉम्प्युटरकडे, कॅमेऱ्याकडे, पाहुण्याच्या मोबाईलकडेही. कारण नव्या स्विचवर सगळे पोर्ट व्हीलॅन १ मध्येच असतात. व्हीलॅन म्हणजे त्याच स्विचवर आखलेलं वेगळं नेटवर्क.

स्विचला आज्ञा द्यायची कन्सोल केबल लागली. आधी व्हीलॅन बनवायचे: १० ऑफिस, २० कॅमेरे, ३० पाहुणे. डेटा कुठल्या व्हीलॅनचा हे सांगणाऱ्या खुणेत, म्हणजे टॅगमध्ये, नंबरासाठी १२ बिट असतात. पहिला आणि शेवटचा नंबर राखीव, म्हणून १ ते ४०९४. नावं मात्र द्याच. नुसतं ‘२०’ वाचून पुढच्या माणसाला काय कळणार?

आता पोर्ट. १ ते १२ ऑफिसला, १३ ते २० कॅमेऱ्यांना, २१ ते २३ पाहुण्यांना. सगळे ॲक्सेस, म्हणजे एकेका व्हीलॅनपुरते. कॅमेऱ्याला यातलं काही ठाऊक नसतं. तो साधीच, टॅग नसलेली फ्रेम (डेटाचं पाकीट) पाठवतो, ती कुठल्या व्हीलॅनची हे स्विच पोर्टावरून ठरवतो. वेब पानावरून चालणाऱ्या स्वस्त स्विचवर घोळ होतो तो इथेच. कॅमेऱ्याचा पोर्ट व्हीलॅन २० मध्ये अनटॅग्ड (बाहेर जाताना टॅग न लावणारा) केला, पण दुसऱ्या पानावरचा पीव्हीआयडी, म्हणजे आत येणाऱ्या साध्या फ्रेमला मिळणारा व्हीलॅन नंबर, १ च राहिला. मग कॅमेऱ्याकडे जाणारा डेटा २० मधून जातो, त्याच्याकडून आलेला १ मध्ये पडतो. दिवा लुकलुकतो, चित्र येत नाही. आणि लोक केबल बदलत बसतात.

पोर्ट २४ ट्रंक. ही केबल राऊटरकडे जाते, तिन्ही व्हीलॅन घेऊन. पडद्यावर पकडलेली फ्रेम पाहा: पाठवणाऱ्याच्या मॅक पत्त्यानंतर (यंत्राच्या नेटवर्क जोडणीचा पत्ता) लगेच ४ बाइटचा टॅग, ८०२.१क्यू या मानकाचा. दोन्ही टोकांना परवानगी असलेल्या व्हीलॅनची यादी आणि नेटिव्ह व्हीलॅन (टॅग नसलेली फ्रेम ज्यात धरली जाते तो) सारखेच हवेत. सिस्कोवर यादीत नवा व्हीलॅन घालताना ‘ॲड’ हा शब्द राहिला, तर जुनी यादी पुसून तेवढा एकच उरतो. दुरून काम करत असाल, तर स्विच हातातून गेलाच समजा.

प्रत्येक व्हीलॅनला आपला सबनेट (आयपी पत्त्यांचा गट), आपला डीएचसीपी (ते पत्ते आपोआप वाटणारी सेवा). आणि राऊटरवर अडवणारे नियम नसतील, तर तो पाहुण्यांना कॅमेऱ्यांपर्यंत खुशाल पोचवतो; तेवढे लिहाच.

पाहुण्यांच्या पोर्टावरून कॅमेऱ्याला पिंग, म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक. उत्तर नाही. आता कॉन्फिगरेशन सेव्ह करा, नाहीतर वीज जाऊन आली की पोर्टांची वाटणी गेली.